एकच देव: पहिल्या ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आणि तिची यहुदी मुळं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बायबल अभ्यासवर्गाच्या निमित्ताने गेली काही वर्षं जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत, काही बेने इस्रायली (महाराष्ट्रातले यहुदी) वाचकही आहेत. काळ साधारण इ.स. ३० ते ३८१ एवढाच धरला आहे, पण मुळं शोधायला त्याच्या बरंच मागे जावं लागतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिले ख्रिस्ती लोक यहुद्यांचा एक देव सोडून दुसरीकडे गेले नाहीत. येशूबद्दल त्यांना जे अचाट म्हणायचं होतं, तेही त्यांनी त्या एका देवाच्याच शब्दांत म्हटलं. पुढची सगळी ओढाताण तिथूनच सुरू होते.

१. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक नक्की किती देव मानत होते?

एकच. नव्या करारातलं बहुधा सर्वांत जुनं लिखाण म्हणजे पौलाचं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, इ.स. ५० च्या आसपासचं. तिथल्या नव्या विश्वासणाऱ्यांची ओळखच तो अशी करून देतो: तुम्ही मूर्तींपासून देवाकडे वळलात, जिवंत आणि खऱ्या देवाची सेवा करायला (१:९). याकोबाच्या पत्रात तर हा मुद्दा इतका गृहीत धरलेला आहे की त्यावरून वाचकाला टोकलं आहे: देव एकच आहे असं तू मानतोस? बरं करतोस, पण भुतंही तेवढं मानतात आणि कापतात (२:१९). दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या हर्मासच्या ग्रंथात आज्ञांची यादी सुरू होते तीच अशी की सर्वांत आधी देव एक आहे हे मान.

२. सगळे जण 'शेमा' 'शेमा' म्हणतात. हे नेमकं काय आहे?

'अनुवाद' या जुन्या करारातल्या पाचव्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं चौथं वचन. हिब्रूत जेमतेम सहा शब्द: शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद. ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक. पुढचं वचन लगेच सांगतं की त्याच्यावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण शक्तीने प्रीती कर. हे दोन्ही एका दमात येतं, म्हणून इथला 'एक' हा मोजणीतला एक नाही. तुझी निष्ठा कुणाशी, याचं ते उत्तर आहे. सकाळ-संध्याकाळ हे म्हणायचं, मुलांना शिकवायचं, दाराच्या चौकटीवर लिहायचं.

चौकटीवर लिहायचं म्हणजे खरोखरच लिहायचं. रायगड जिल्ह्यातल्या एका बेने इस्रायली घरात गेलो होतो. आत शिरताना उजव्या हाताला चौकटीवर बोटभर लांबीची नळी तिरकी ठोकलेली होती. तिला मेझुझा म्हणतात आणि तिच्यात चर्मपत्रावर हेच वचन असतं. घरातल्या आजींनी जाता जाता तिला बोटं लावली आणि ओठांशी नेली, आपण उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतो तितक्या सहज. कोकणातला हा समाज तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' नाव पडलं. बाकीचं बहुतेक हिब्रू विसरलं गेलं तरी शेमा त्यांच्या तोंडी टिकून होतं, असं त्यांच्या परंपरेत सांगतात.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. तोराच्या (बायबलाच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या) हस्तलिखित गुंडाळीत या वचनातली दोन अक्षरं मुद्दाम मोठी काढतात: 'शेमा'चं शेवटचं अक्षर आयिन आणि 'एहाद'चं शेवटचं अक्षर दालेत. दोन्ही जोडली की 'एद' होतं, म्हणजे साक्षीदार. दालेत मोठं काढण्याचं दुसरंही कारण सांगतात. दालेत आणि रेश ही अक्षरं दिसायला जवळजवळ सारखी आहेत. दालेतचा कोपरा टोकदार, रेशचा गोल. लिहिणाऱ्याचा हात किंचित वळला की 'एहाद'चं 'अहेर' होईल, आणि 'परमेश्वर एक'च्या जागी 'परमेश्वर दुसरा' असं वाचलं जाईल. हा 'अहेर' शब्द लक्षात ठेवा, तो प्रश्न ९ मध्ये परत येणार आहे.

३. यहुदी लोक अब्राहामापासूनच एकच देव मानत होते ना?

धर्मशिक्षणात आपण असंच शिकतो, पण खुद्द जुना करार इतका सरळ नाही. पहिली आज्ञा म्हणते, माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत. दुसरे देव अस्तित्वातच नाहीत असं ती म्हणत नाही. संदेष्टे शतकानुशतकं बआल हा देव आणि अशेरा ही देवी यांच्याविरुद्ध ओरडत राहिले, ते लोक त्यांना भजत होते म्हणूनच. सिनाय भागात कुन्तिलेत अजरूद इथे ख्रिस्तपूर्व ८०० च्या सुमाराच्या रांजणांवर 'शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा' असे आशीर्वाद लिहिलेले सापडले आहेत (याहवे हे इस्राएलाच्या देवाचं नाव). नाईल नदीतल्या एलेफंटाईन बेटावर ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात यहुदी सैनिकांची वसाहत होती. त्यांचं स्वतःचं मंदिर होतं, आणि तिथल्या एका कागदावर 'अनत-याहू'च्या नावाने घेतलेली शपथही आहे: अनत ही एक देवी, याहू म्हणजे याहवे.

दुसरा कुणी नाहीच, हे नि:संदिग्ध बोल यशयाच्या ४० व्या अध्यायापासून पुढे ऐकू येतात. यरुशलेम ख्रिस्तपूर्व ५८६ मध्ये पडलं, मंदिर जळालं, लोक बाबेलात नेले गेले. त्या काळाच्या हिशोबाने हरलेल्या राष्ट्राचा देवही हरायला हवा होता. त्याऐवजी उलटच घोषणा झाली: मी पहिला, मी शेवटचा, माझ्याविना देव नाही (यशया ४४:६). सर्वस्व गेलेल्या माणसांनी हे म्हणावं, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं. येशूच्या काळापर्यंत ही श्रद्धा इतकी पक्की झाली होती की सम्राट कालिगुलाने इ.स. ४० च्या सुमारास आपला पुतळा मंदिरात बसवायचं ठरवलं, तेव्हा हजारो यहुदी रोमी अधिकाऱ्यासमोर निःशस्त्र येऊन म्हणाले, आधी आम्हाला मारा.

४. 'एलोहीम' (हिब्रूत 'देव') हे अनेकवचन आहे आणि उत्पत्तीत देव 'आपण मनुष्य करू' म्हणतो. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) तिथेच सिद्ध होत नाही का?

नाही, निदान व्याकरणाने तरी नाही. मराठीत आपण 'बाबा आले' म्हणतो: माणूस एक, क्रियापद अनेकवचनी. हिब्रूत बरोबर उलटं घडतं. 'एलोहीम' हे रूप अनेकवचनी, पण इस्राएलाच्या देवाबद्दल बोलताना त्याचं क्रियापद जवळपास नेहमी एकवचनी. उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यात 'बारा' म्हणजे 'त्याने निर्माण केलं', 'त्यांनी' नव्हे.

'आपण मनुष्य करू' (१:२६) हे वाक्य मात्र खरंच अनेकवचनी आहे. देव स्वर्गीय दरबारातल्या दूतांशी बोलत होता, असं रब्बी (यहुदी धर्मगुरू) समजावत. पुढच्याच वचनात 'देवाने मनुष्य निर्माण केला' असं एकवचन परत येतं, याकडेही ते बोट दाखवत. पिता पुत्राशी बोलत होता हे ख्रिस्ती वाचन दुसऱ्या शतकात जस्टिनसारख्या लेखकांकडे स्पष्ट दिसतं. विश्वासाने ते वाचन करायला माझी हरकत नाही. पण यहुदी माणसाशी बोलताना पुरावा म्हणून ते पुढे करू नका. तो हे व्याकरण आपल्यापेक्षा चांगलं जाणतो.

५. त्या काळच्या यहुदी विचारात देवदूत, शहाणपण, 'शब्द' असं बरंच काही होतं. मग तो एकेश्वरवाद कसला?

चांगला प्रश्न आहे. स्वर्ग रिकामा नव्हताच. नीतिसूत्रे ८ मध्ये शहाणपण स्त्रीच्या रूपात बोलतं: त्याने आकाश स्थापलं तेव्हा मी तिथे होते. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो हा येशूचा समकालीन. त्याने देवाच्या 'लोगॉस'ला, म्हणजे शब्दाला, एका ठिकाणी 'दुसरा देव' म्हणायलाही मागेपुढे पाहिलं नाही. हनोखाच्या नावावरच्या ग्रंथात जगाच्या आधीपासून निवडलेला मनुष्याचा पुत्र गौरवाच्या आसनावर बसतो.

मग रेषा कुठे होती? उपासनेपाशी. देवाचे दूत हवे तितके असोत, पण धूप, बळी आणि प्रार्थना फक्त त्या एकाला. प्रकटीकरणात योहान देवदूताच्या पाया पडायला जातो तेव्हा दूत त्याला दोनदा थांबवतो: असं करू नकोस, मीही तुझ्यासारखा दासच आहे, देवाला नमन कर (१९:१० आणि २२:९). त्याच पुस्तकात कोकऱ्याला, म्हणजे येशूला, देवाबरोबर नमन केलं जातं (५:१३) आणि तिथे कुणी कुणाला थांबवत नाही. देवदूताला जे नाकारलं ते येशूला मिळतं, हे मला या साऱ्या चर्चेतलं सर्वांत बोलकं वाटतं.

६. खुद्द येशूने देवाबद्दल काय शिकवलं?

सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं एका शास्त्र्याने विचारलं, तेव्हा येशूने शेमाच म्हणून दाखवलं (मार्क १२:२९). शास्त्री म्हणाला, गुरुजी, ठीक बोललात, तो एकच आहे, त्याच्याशिवाय दुसरा नाही. येशू त्याला म्हणाला, तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. शुभवर्तमानांत शास्त्री बहुतेक वेळा भांडायलाच येतात. इथे दोघांचं एकमत होतं, आणि ते होतं एका देवावर.

पण त्याच मार्कात खटल्याच्या रात्री येशू दानीएल ७ आणि स्तोत्र ११० एकत्र गुंफून म्हणतो की मनुष्याच्या पुत्राला तुम्ही सामर्थ्याच्या उजवीकडे बसलेलं पाहाल, आणि ही देवनिंदा आहे म्हणून मुख्य याजक आपली वस्त्रं फाडतो (१४:६२, ६३). शेमा आणि हे आसन, दोन्ही एकाच शुभवर्तमानात आहेत. एक ठेवून दुसरं टाकता येत नाही.

७. एवढे कट्टर एक-देववाले लोक एका माणसाला 'प्रभू' कसे म्हणू लागले?

आधी शब्द समजून घेऊ. देवाचं चार अक्षरी नाव यहुदी लोक उच्चारत नसत. त्याजागी 'अदोनाय' म्हणजे 'माझा प्रभू' म्हणत. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात शास्त्रांचं ग्रीक भाषांतर होऊ लागलं. काही जुन्या ग्रीक प्रतींत ग्रीक ओळीच्या मधोमध ते नाव हिब्रू अक्षरांतच लिहिलेलं सापडतं, पण ग्रीकमध्ये त्याजागी जो शब्द रुळला तो 'किरियॉस', प्रभू. रोजच्या ग्रीकमध्ये मात्र 'किरियॉस' म्हणजे मालक, धनी, साहेब. म्हणून येशूला कुणी 'किरियॉस' म्हटलं की लगेच तो देवच म्हणतोय असं धरायचं नाही. काही ठिकाणी तो नुसता 'महाराज' असतो.

पौल मात्र हा शब्द कसा वापरतो ते पाहा. योएलात आहे की जो कोणी परमेश्वराचा धावा करील तो तरेल. पौल रोमकरांस १०:१३ मध्ये तेच वचन घेतो आणि आधीच्या ओळींत ज्याला 'प्रभू' म्हटलं त्या येशूला लावतो. यशया ४५:२३ मध्ये, म्हणजे 'माझ्याविना देव नाही' असं ठणकावणाऱ्या त्याच भागात, देव शपथ वाहतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल. फिलिप्पैकरांस २:१० मध्ये तो गुडघा येशूच्या नावाने टेकतो, आणि ते 'देवपित्याच्या गौरवासाठी' असं लगेच जोडलेलं आहे.

मराठी वाचकाची इथे एक अडचण होते. प्रचलित मराठी बायबलात जुन्या करारातल्या त्या नावाला 'परमेश्वर' हा शब्द आहे आणि नव्या करारात येशूला 'प्रभू'. दोन वेगळे शब्द, म्हणून धागा तुटतो. ग्रीक वाचणाऱ्याच्या कानावर दोन्हीकडे एकच 'किरियॉस' पडायचा. असं वचन आलं की मूळ शब्द आठवून वाचा, पौलाच्या बोलण्याचं वजन तेव्हा कळतं.

आता शेमाकडे. करिंथकरांस पहिलं पत्र, ८:६, इ.स. ५४ च्या आसपास लिहिलेलं: आपल्यासाठी एकच देव, पिता, ज्याच्यापासून सर्व काही, आणि एकच प्रभू, येशू ख्रिस्त, ज्याच्याद्वारे सर्व काही. शेमातले 'देव', 'प्रभू' आणि 'एक' हे तिन्ही शब्द पौलाने घेतले. 'देव' पित्याला दिला, 'प्रभू' येशूला दिला, आणि 'एक' दोन्हीकडे ठेवला. शेमाच्या बाहेर त्याने काही जोडलं नाही, शेमाच उलगडलं, असं अनेक अभ्यासक म्हणतात आणि मलाही तसंच वाटतं.

हे सगळं पुढे ग्रीक लोकांत गेल्यावर घडलं असावं, असंही बरेच जण विचारतात. 'मारानाथा' हा एक शब्द त्याला पुरेसं उत्तर देतो. करिंथच्या ग्रीक बोलणाऱ्या मंडळीला (चर्चला) लिहिताना पौल शेवटी हा अरामी शब्द तसाच ठेवतो (१६:२२): आमच्या प्रभू, ये. भाषांतर करत नाही, जसं 'आमेन'चं कुणी करत नाही. म्हणजे ही हाक अरामी बोलणाऱ्या पहिल्या यहुदी विश्वासणाऱ्यांकडून आलेली आहे.

हस्तलिखितांतही ही खूण दिसते. पौलाच्या पत्रांची इ.स. २०० च्या आसपासची एक पपायरस प्रत आहे, तिची पानं आज डब्लिन आणि मिशिगन इथे आहेत. त्यात 'देव', 'प्रभू', 'येशू', 'ख्रिस्त' हे शब्द पूर्ण लिहीत नाहीत. दोन-तीन अक्षरं आणि वर एक आडवी रेघ. देवाच्या शब्दाला जो मान, तोच येशूच्या नावाला, त्याच लेखणीने.

८. शेजारून आलेला प्रसाद ख्रिस्ती माणसाने खावा की नाही? पौलाचं उत्तर काय?

हा प्रश्न दर गणपतीत येतो, आणि गंमत वाटेल, पण वर सांगितलेलं ८:६ हे वचन अशाच प्रश्नाच्या उत्तरात लिहिलं गेलं. करिंथच्या बाजारात मिळणारं मांस बरेचदा देवळात वाहिलेल्या जनावराचं असे. पौल म्हणतो: देव एकच आहे, म्हणून मूर्ती काही नाही, म्हणून खाण्याने बिघडत नाही. बाजारात मिळतं ते चौकशी न करता घ्या, कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण तुमच्या खाण्याने एखाद्या भावाच्या मनाला ठेच लागत असेल तर खाऊ नका (१०:२५ ते २९). देवळातल्या मेजवानीत मात्र बसू नका, कारण ती उपासनेतला सहभाग आहे (१०:२१). महाराष्ट्रातल्या मंडळ्या यातून वेगवेगळे निष्कर्ष काढतात आणि तुमच्या घराने तो काढायचा आहे. मला एवढंच दिसतं की पौलाने प्रश्न पदार्थावर न सोडवता समोरच्या माणसावर सोडवला.

९. हे दोन देव झाले की! यहुद्यांनी हाच आक्षेप घेतला नाही का?

घेतला, आणि आक्षेप पोकळ नव्हता. योहानाच्या शुभवर्तमानातच तो आहे: तू मनुष्य असून स्वतःला देव करतोस (१०:३३). रब्बींच्या ग्रंथांत 'स्वर्गात दोन सत्ता आहेत' असं म्हणणाऱ्यांना पाखंडी ठरवलेलं आहे. हे पाखंडी म्हणजे फक्त ख्रिस्ती नव्हेत, यहुद्यांतलेही काही होते. दानीएल ७:९ मध्ये 'आसनं मांडली' असं अनेकवचन आहे. दुसरं आसन कुणाचं? रब्बी अकिवा म्हणाले, दाविदाचं, म्हणजे मशीहाचं (येणाऱ्या तारक राजाचं). सहकाऱ्याने त्यांना तिथल्या तिथे झापलं. हेच अकिवा पुढे बार कोखबाच्या रोमविरोधी यहुदी बंडाच्या काळात रोमनांच्या हातून हाल होऊन मेले, आणि 'एहाद' हा शब्द लांबवत असतानाच प्राण गेला, असं तालमूद (रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ) सांगतो.

तालमूदातच एलिशा बेन अबुयाची गोष्ट आहे. त्याने स्वर्गात मेटाट्रोन या थोर दूताला बसलेलं पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघालं, इथे दोन सत्ता तर नाहीत ना? त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'अहेर'. एहाद वाचायचं तिथे अहेर वाचलं, ते नाव माणसालाच चिकटलं.

ख्रिस्ती बाजूनेही काही वेळा शब्द निसटत. इ.स. १६० च्या सुमारास जस्टिनने त्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहिला. त्यात तो पुत्राला 'दुसरा देव' म्हणतो, संख्येने वेगळा पण इच्छेने एक. पुढच्या शतकांतल्या मंडळीने असा शब्दप्रयोग टाळला. हेतू चुकीचा नव्हता, पण शेमाच्या कसोटीला ते शब्द उतरत नव्हते.

१०. ख्रिस्ती लोकांना 'नास्तिक' का म्हणत?

रोमी जगात देव मानणं म्हणजे देवळात जाणं, बळी देणं, सम्राटापुढे धूप जाळणं. हे काहीच न करणारा माणूस त्यांच्या लेखी देव न मानणारा. यहुद्यांवरही हा आरोप होई. ख्रिस्तपूर्व ६३ मध्ये रोमी सेनापती पाँपे यरुशलेमच्या मंदिरातल्या परमपवित्र स्थानी घुसला, तर आत मूर्तीच नव्हती. पण यहुदी धर्म प्राचीन म्हणून रोमनांनी त्याला चालवून घेतलं, आणि मंदिरात सम्राटा'साठी' रोज बळी दिला जात असे, सम्राटा'ला' नव्हे. ख्रिस्ती मंडळी सभास्थानापासून (यहुदी प्रार्थनास्थळापासून) दुरावली तशी ही सवलत तिला उरली नाही.

स्मुर्णाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प याला इ.स. १५५ च्या सुमारास क्रीडांगणात उभं केलं. अधिकारी म्हणाला, 'नास्तिकांचा नाश होवो' एवढं म्हण, सोडतो. पॉलिकार्पने सभोवतालच्या गर्दीकडे पाहिलं, तिच्याकडे हात केला आणि म्हणाला, 'नास्तिकांचा नाश होवो.' त्याला जाळण्यात आलं.

११. जुन्या करारातला देव रागीट, नव्यातला प्रेमळ. हे दोन वेगळे देव असतील का?

हे म्हणणारा पहिला मोठा माणूस मार्कियन, काळ्या समुद्राकाठच्या सिनोपचा. त्याने रोमच्या मंडळीला दोन लाख सेस्टर्स दान दिले होते. इ.स. १४४ मध्ये मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि पैसेही परत केले. सगळा जुना करार त्याने टाकला आणि कापछाट केलेला लूक आणि पौलाची दहा पत्रं तेवढी ठेवली. त्याला आणि इतर पंथांना उत्तर म्हणून लियोंच्या इरेनियसने इ.स. १८० च्या सुमारास पाच पुस्तकं लिहिली. सूत्र हेच: ज्याने जग केलं तोच येशूचा पिता. मंडळीने त्या दिवशी जुना करार सोडला असता तर शेमाही गेलं असतं. आणि 'प्रेमळ देव' हवा असेल तर निर्गम ३४:६ वाचा: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध.

१२. 'त्रैक्य' हा शब्द बायबलात नाही, मग आला कुठून?

शब्द नाही, जोडणी आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या 'नावाने' बाप्तिस्मा (मत्तय २८:१९), इथे 'नाव' एकवचनी आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या आशीर्वादातही तिघे एकत्र येतात. अंत्युखियाच्या थिओफिलसने इ.स. १८० च्या सुमारास देव, त्याचा शब्द आणि त्याचं शहाणपण यांना मिळून 'त्रियास' म्हटलं. लॅटिनमध्ये 'त्रिनितास' रुजवला कार्थेजच्या तर्तुलियनने. तो स्वतःच कबूल करतो की साधे भाविक हे ऐकून बिचकतात, तुम्ही दोन-तीन देव सांगता म्हणतात. म्हणजे तिसऱ्या शतकातही सामान्य ख्रिस्ती माणसाचा पहिला हट्ट 'देव एकच' हाच होता.

योहानाच्या पहिल्या पत्रातलं 'पिता, शब्द व पवित्र आत्मा, हे तिघे एक आहेत' हे वाक्य (५:७) जुन्या ग्रीक प्रतींत नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरास्मसने ते १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत घेतलं नव्हतं, १५२२ मध्ये घेतलं. वादात ते वापरू नका.

१३. त्रैक्य म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेशच ना? किंवा दत्तासारखं?

घरोघरी दत्ताची तसबीर असताना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. दोन परंपरांची सांगड घालायचा मोह आवरून एवढंच सांगतो की सुरुवातीच्या मंडळीने दोन उत्तरं नाकारली. 'तीन कामं करणारे तिघे' हे नाकारलं, कारण ते तीन देव होतात. 'एकाचीच तीन रूपं' हेही नाकारलं. ते सबेलियसचं मत. त्यात येशू प्रार्थना करतो तेव्हा स्वतःशीच बोलतो असं होतं, आणि वधस्तंभावर पिताच मरतो. मंडळीला ते पटलं नाही. अवताराबद्दल म्हणाल तर ख्रिस्ती श्रद्धेत देहधारण एकदाच आणि कायमचं आहे.

१४. नायसियाच्या परिषदेत (इ.स. ३२५ मधल्या बिशपांच्या सभेत) मत घेऊन येशूला देव केलं, हे खरं का?

नाही. प्लिनी हा रोमी अधिकारी इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट त्रायानला कळवतो की हे लोक ठरल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. हे नायसियाच्या दोनशे वर्षं आधीचं, आणि साक्षीदार परका.

इ.स. ३२५ चा वाद वेगळा होता. अलेक्झांड्रियाचा अरियस म्हणे की पुत्र थोर आहे, जगाआधीचा आहे, पण निर्मिलेला आहे. त्याचा हेतू देवाचं एकपण जपण्याचाच होता, हे सहसा कुणी सांगत नाही. परिषदेचं उत्तर: निर्मिलेल्याची उपासना केली तर शेमा मोडतं, आणि उपासना तर आपण पहिल्यापासून करत आलो आहोत (प्रश्न ५ आणि ७ पाहा), म्हणून पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. अखेर दोनच बिशपांनी सही नाकारली. तरी वाद इ.स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेपर्यंत धुमसत राहिला. मतांगिकाराची सुरुवात मात्र तीच: आम्ही एकाच देवावर विश्वास ठेवतो.

१५. 'पिता माझ्याहून थोर आहे' असं येशूच म्हणतो. मग?

योहान १४:२८. याच्या जोडीला १७:३ ही घ्या: तू जो एकच खरा देव. अरियसच्या बाजूचे ही वचनं पुढे करत. विरुद्ध बाजू त्याच शुभवर्तमानातलं १:१, १०:३० आणि थोमाचं 'माझा प्रभू, माझा देव' (२०:२८) दाखवे. काही म्हणाले, माणूस म्हणून लहान. काही म्हणाले, पुत्र म्हणून पित्यापासून आला, या अर्थी. दोन्ही उत्तरं मंडळीत चालतात. माझा आग्रह इतकाच की कठीण वचन खोडून सोपं करू नये. ते लिहिणाऱ्याला दोन्ही वाक्यं एकाच पुस्तकात ठेवताना अडचण वाटली नाही.

१६. यहुदी आणि ख्रिस्ती एकाच देवाची प्रार्थना करतात का?

पौलाचं उत्तर होय. त्याचा युक्तिवादच शेमावर उभा आहे: देव एकच असेल तर तो फक्त यहुद्यांचा कसा असेल, तो इतर राष्ट्रांचाही देव आहे (रोमकरांस ३:२९, ३०).

यहुदी बाजूने एकच उत्तर नाही. बाराव्या शतकात मायमोनिदीस या यहुदी पंडिताने ख्रिस्ती लोकांना मूर्तिपूजकांत धरलं. दक्षिण फ्रान्सच्या मेइरी या रब्बीने तसं धरलं नाही. काही रब्बींनी 'शित्तूफ', म्हणजे देवाशी कुणाला जोडणं, हे यहुद्यांना निषिद्ध पण इतरांना क्षम्य मानलं. एखाद्या यहुदी मित्राशी बोलताना 'आपला देव एकच आहे हो' असं सहज म्हणून टाकू नका. शतकानुशतकं ख्रिस्ती राज्यांत त्यांच्या पूर्वजांनी याच वाक्यासाठी मार खाल्ला आहे. त्याला काय वाटतं ते आधी विचारा.

१७. मराठीत 'यहोवा' लिहावं, 'याहवे' लिहावं की 'परमेश्वर'?

नावाची अक्षरं योद, हे, वाव, हे, चारही व्यंजनं. मध्ययुगात लेखकांनी त्यांच्याखाली 'अदोनाय'चे स्वर टाकले, ते वाचणाऱ्याला 'अदोनाय' म्हणायची आठवण म्हणून. युरोपीय वाचकांनी दोन्ही एकत्र वाचलं, त्यातून 'यहोवा' तयार झालं. अभ्यासक 'याहवे' हा उच्चार बहुधा मूळचा मानतात, म्हणून प्रश्न ३ मध्ये शिलालेखासारख्या मजकुरासाठी तो वापरला. एरवी मराठी बायबलाप्रमाणे 'परमेश्वर' लिहावं. सभास्थानात पाहुणे म्हणून गेलात तर यातला कुठलाच उच्चार मोठ्याने करू नका. तिथे प्रार्थनेत 'अदोनाय' म्हणतात आणि एरवी बोलताना 'हाशेम', म्हणजे नुसतंच 'ते नाव'.